घोडीच्या तळव्यातला खिळा

लग्न होऊन सात महिने झाले होते, तरी मी आमच्या घोडीच्या जवळ एकदाही गेले नव्हते. तबेला म्हणजे घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभारलेलं कौलारू छप्पर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची मान दिसायची, फुरफुरणं ऐकू यायचं. भांडी घासायला मागच्या दारी गेले की मी तिच्यापासून चार हात लांबून जायचे. माझं माहेर पेणजवळच्या खेड्यातलं. आमच्याकडे दोन म्हशी होत्या आणि म्हशींचं सगळं मी करत असे, पण घोडा मी फक्त वरातीत पाहिलेला, तोही गर्दीच्या मागून. घोडा लाथ मारतो आणि चावतो, एवढीच माझी त्याच्याबद्दलची माहिती.

खरं तर ती घोडी कसली, तट्टूच. लहानखुरी, तांबूस, कपाळावर पांढरा डाग. माझे सासरे तिला टांग्याला जुंपत. त्यांना घरात आणि गावात सगळेच आबा म्हणत. रत्नागिरीकडचं घर तरुणपणीच सोडून ते इकडे आले आणि घोडबंदरलाच राहिले. सकाळी भाईंदर स्टेशनापर्यंत एक फेरी, दुपारी परत, चहा घेऊन संध्याकाळची दुसरी. शाळेतल्या बाई, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, सुकटीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, अशी त्यांची रोजची मंडळी. एसटी होती, पण ती आपल्या मर्जीने यायची. साठच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. वरसाव्याचा पूल झाल्यापासून हमरस्त्यावर लॉऱ्या वाढल्या होत्या, तरी गावातला रस्ता अजून बैलगाड्यांचा आणि पायी चालणाऱ्यांचाच होता. आमच्या बंदरात जुन्या काळी घोडे उतरत म्हणे, गावाचं नावच त्यावरून पडलं असं लोक सांगत. मी आले तेव्हा गावात घोडा म्हणाल तर आमची ही एकच होती.

आबा माझ्याशी फारसे बोलत नसत. त्यात राग नव्हता, तशी रीतच होती. काही हवं असेल तर सासूबाईंना सांगायचे आणि सासूबाई मला. माझे यजमान ठाण्याला एका कारखान्यात फिटर होते. ते पहाटेच्या एसटीने निघत आणि दिवेलागणीला घरी येत. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघी सासू-सुना आणि जाऊन-येऊन आबा. आबा बोलत ते घोडीशी. तिला ते ‘बाय’ म्हणत, त्यांच्या कोकणात लेकीला म्हणतात तसं. “चल गो बाय, ऊन चढतंय,” असं सकाळी अंगणातून ऐकू आलं की मी चहाची भांडी आवरायला घ्यायचे.

थंडीचे दिवस होते. एका दुपारी आबा टांग्याशिवायच घरी आले. लगाम हातात धरून पायी चालत होते आणि मागून घोडी लंगडत येत होती. पुढचा उजवा पाय ती नुसता टेकवायची आणि लगेच उचलायची. टांगा काशीमिऱ्याच्या नाक्यावर ओळखीच्या दुकानापाशी सोडून आले होते.

“मुरगळलाय,” आबा सासूबाईंना म्हणाले. “दोन दिवस बसेल घरी.”

त्यांनी तिला बांधलं, गुडघ्यापासून खाली पाय चोळला, गरम फडक्याने शेकला. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी ती पाय टेकवेनाच. तोबऱ्यातला हरभरा तसाच राहिला. आबा सकाळपासून तिच्यापाशी बसून होते आणि जेवायलाही दोन हाका मारल्यावर आले.

त्या दिवशी सासूबाईंची कंबर धरली होती, म्हणून घोडीची पाण्याची बादली मला न्यावी लागली. तबेल्याच्या खांबाशी बादली ठेवून मी परत फिरणार तेवढ्यात आबांनी तिचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला. खुराचा तळवा वर आला. असा तळवा मी पहिल्यांदाच पाहत होते. कडेने लोखंडी नाल, आत करडा, कठीण भाग आणि मधोमध मऊसर त्रिकोणी उंचवटा. आबा अंगठ्याने तो सगळा भाग दाबत होते. पण त्यांचं तोंड भलतीकडेच होतं, माझ्या अंगावरून पलीकडे कुंपणाकडे. मला वाटलं, इतक्या वर्षांचा हात आहे, त्यांना बघायची गरजच पडत नसेल.

त्रिकोणी भागाच्या बाजूच्या खाचेत मला एक तांबडा-काळा गोल ठिपका दिसला. वाटाण्याएवढा. आबांचा अंगठा त्याच्या शेजारून दोनदा गेला.

मी घरात आले. “आई, आबांना सांगा ना,” मी म्हणाले, “तिच्या तळव्यात खिळा आहे.”

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तूच सांग जाऊन,” त्या म्हणाल्या. “माझी कंबर उठत नाही.”

मी परत गेले आणि चार हातांवरूनच म्हणाले, “आबा, खिळा आहे तिथं.”

“कुठे?”

“तुमच्या बोटाच्या शेजारीच. जरा डावीकडे.”

त्यांचं बोट डावीकडे सरकलं आणि थांबलं. घोडीच्या अंगावर शहारा आला. मग त्यांनी पाय अलगद खाली ठेवला आणि शेजारच्या माणसाला सायकलवरून भाईंदरला पिटाळलं, नालबंदाला बोलवायला.

नालबंद संध्याकाळच्या आत आला. पांढरी दाढी, सायकलच्या मागे लाकडी पेटी. आबांची आणि त्याची ओळख मी जन्मायच्या आधीची असावी. तो आपल्या हिंदीत आणि आबा आपल्या मराठीत बोलत, आणि दोघांचं काही अडत नसे. त्याने आधी नाल काढली, मग चिमट्याने खिळा धरून सरळ ओढला. बोटाच्या पेराएवढा गंजका खिळा बाहेर आला. मग वाकड्या पात्याच्या सुरीने त्याने भोकाभोवतीचं खूर खरवडलं, तसा आतून काळपट पू वाहू लागला. असा वास सुटला की मी पदर नाकाला लावला. घोडी मात्र मान खाली घालून स्वस्थ उभी राहिली. इतक्या दिवसांचा आतला दाब मोकळा झाला असणार.

“हड्डी तक नहीं गया,” नालबंद म्हणाला. “नसीब अच्छा है. बीस दिन में चलेगी.”

मग त्याने काय काय करायचं ते सांगितलं. सकाळ-संध्याकाळ पाय गरम मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. नंतर गव्हाच्या कोंड्याचं हळद घातलेलं पोटीस भोकावर ठेवून गोणपाटाने खूर बांधायचं. खाली कोरडं गवत पाहिजे, शेण-मूत साचता कामा नये. गुरांच्या डॉक्टरांकडून धनुर्वाताची सुई घ्यायची. आणि रोज भोकात नीट पाहायचं. काळं पाणी येतंय तोवर भोक उघडं राहायला हवं, ते वरवर मिटलं तर पू आतच राहील.

“हो, हो, बघतो ना,” आबा म्हणाले.

नालबंदाने पेटी बंद केली. आबांकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बेटी, देखने का काम तुम करना.”

मला त्याचं नवल वाटलं. मी तिथे लांब उभी आहे, नाकाला पदर लावून, हे त्याला दिसत होतं. तरी त्याने मलाच का सांगावं? पण मी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं. चुलीवर पाण्याचं मोठं भगुणं चढवायचं, त्यात मिठागरावरचं खडे मीठ ओंजळभर घालायचं, कोपर बुडवून पाणी बघायचं. कोपराला सोसलं की घोडीला सोसतं, हे आबांनी सासूबाईंमार्फत कळवलं. पहिल्या दिवशी मी बादली ठेवली आणि मागे सरले. आबांनी पाय उचलून बादलीत ठेवला. घोडीने तो लगेच बाहेर काढला आणि बादली लवंडली. सगळं पाणी माझ्या पायांवर. मी पुन्हा पाणी तापवलं. दुसऱ्यांदा तिने पाय ठेवला, थोडा वेळ कान मागे-पुढे केले आणि मग तिच्या तोंडातून एक लांब सुस्कारा निघाला, दमून आलेल्या माणसासारखा. खालचा ओठ सैल पडला. डोळे अर्धे मिटले. ते पाहून माझी अर्धी भीती तिथल्या तिथे गेली.

पाय बाहेर काढल्यावर आबा तो गुडघ्यावर घेत आणि म्हणत, “बघ.”

मी बघायचे आणि सांगायचे.

“काय दिसतंय?”

“काळं आहे अजून.”

“नुसतं काळं? किती? वाहतंय की थेंब आहे? कडा कशा आहेत?”

म्हणजे मला नीट वाकून पाहावं लागे. “थेंब आहे. काळा नाही, करडा. कडा ओल्या आहेत, पांढऱ्या पडल्यात.” असं तपशिलात सांगायची सवय मला त्या दिवसांत लागली. आबा ऐकताना मान खाली घालून बसत आणि सगळं झालं की एकदाच म्हणत, “बरं.” आमच्यात निरोप्या म्हणून सासूबाई लागेनाशा झाल्या त्या अशा. खुरावरून बोलणं दाण्यावर गेलं, दाण्यावरून माझ्या माहेरच्या म्हशींवर. म्हशीच्या खुरांना काय होतं, पावसाळ्यात काय करता, हे ते विचारत आणि मी सांगत असे. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाने मला काही विचारावं आणि माझं उत्तर ऐकून घ्यावं, हे मला नवीन होतं.

गुरांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा काशीमिऱ्याला यायचे, ते येऊन सुई देऊन गेले. घोडीने त्यांना तबेल्यात घेईपर्यंत आबांना घाम फोडला. सुई टोचताना तिने माझ्या खांद्यामागे तोंड खुपसलं आणि मी तशीच उभी राहिले. तिचा गरम श्वास पाठीवर लागत होता. डॉक्टर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिच्या मानेवर हात फिरवतेय.

मग खरारा करणंही माझ्याकडे आलं. बांधून ठेवलेलं जनावर कंटाळतं, त्याच्या अंगावरून हात फिरला पाहिजे, असं आबा म्हणायचे. खरारा फिरवला की तिच्या पोटावरून धूळ उडायची आणि ती वरचा ओठ लांब करून हवेत काहीतरी चघळल्यासारखं करायची. कंटाळ्याने तिने नाना उद्योग केले. दावणीचं लाकूड कुरतडलं. वाळत घातलेल्या माझ्या लुगड्याचा काठ चावून ओला केला. सकाळी मी चपात्या लाटायला बसले की खिडकीच्या गजांना नाक लावून उभी राहायची, आणि पहिली चपाती तिला दिल्याशिवाय हलायची नाही. सासूबाई म्हणाल्या, “हिला मी इतकी वर्षं दाणा दिला, पण कधी अशी खिडकीत आली नाही.” त्यात तक्रार नव्हती. त्या हसत होत्या.

आठव्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. गोणपाट सुटून पडत होतं म्हणून मी दोरी जरा आवळून बांधली. संध्याकाळी पाहिलं तर खुराच्या वर पाय सुजलेला. मी आबांना हाक मारली. आबांनी दोरी सोडली, सुजेवर तळहात ठेवला आणि माझा हात धरून तिथे टेकवला.

“गरम लागतंय?”

“नाही.”

“मग भिऊ नको. दोरीने आलीय, सकाळपर्यंत उतरेल. बांधताना दोन बोटं आत गेली पाहिजेत. तुझी नाही, माझी.”

त्यांची बोटं माझ्या दुप्पट जाड होती. सूज सकाळी उतरली. त्यानंतर मी कधी आवळून बांधलं नाही. पुढे मुलांच्या शाळेच्या बुटांच्या नाड्यासुद्धा मी सैलच बांधत आले.

बाराव्या दिवशी भोकातून काहीच आलं नाही. पंधराव्या दिवशी ते आतून भरून आलं, कोरडं आणि घट्ट. ती पाय टेकवू लागली होती, पण इतके दिवस उभी राहून तिचे चारही पाय जडावले होते. आमच्या शेजारी राहणारी कोळीण मासे द्यायला आली तेव्हा तिने तबेल्यात डोकावून पाहिलं.

“जखम भरली ना? मग खाडीच्या पान्यात उभी करा की,” ती म्हणाली. “भरतीच्या वक्ताला धक्क्यावर न्या, तिथं चिखल न्हाय. आमच्या बैलांना आमी तसंच करतो.”

आबांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला भरती होती. आबांनी घोडीची दोरी धरली, मी खराऱ्याची पिशवी घेतली आणि आम्ही निघालो. किल्ल्याच्या खालून वाट खाडीकडे उतरते. शेवटी जुन्या धक्क्याच्या दगडी पायऱ्या होत्या, काही झिजलेल्या, काही निखळलेल्या. घोडी सावकाश उतरत होती. आबा तिच्या पुढे होते. तिसऱ्या पायरीनंतर एक दगड निखळून पडलेला, तिथे हातभर खड्डा. भर उजेडात तो मला दहा पावलांवरून दिसत होता. आबांनी पाऊल उचललं ते थेट त्याच खड्ड्यात टाकायला.

मी काही म्हणायच्या आधी घोडी थांबली. चारही पाय रोवून. दोरी ताणली गेली, आबा मागे ओढले गेले आणि त्यांनी तिच्या मानेला मिठी मारली. तशीच ती उभी राहिली, हलली नाही. आबांनी पायाने चाचपून खड्डा शोधला, त्याला वळसा घातला आणि काहीच झालं नाही अशा थाटात खाली उतरले.

घोडी गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पलीकडच्या काठाला एक होडी बांधलेली होती. मी पिशवी पायरीवर ठेवून बसले आणि विचारलं.

“आबा, तुम्हाला दिसत नाही का?”

ते पाण्याकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, आता रागावतील.

“डाव्याने काहीच नाही,” ते म्हणाले. “एक वर्ष झालं. उजव्याने धुक्यातल्यासारखं दिसतं. तू बसलीयस ते कळतंय. तोंड नाही दिसत तुझं.”

“मग टांगा कसा चालवत होता?”

“मी कुठे चालवत होतो? ती चालवत होती. मी नुसता बसायचो.” ते थोडे हसले. “स्टेशन तिला माहीत आहे, घर तिला माहीत आहे. लॉरी आली की आपसूक कडेला होते. त्या दिवशी कडेला झाली तिथेच खिळा असणार. मला दिसला असता तर मी वळवली असती तिला.”

“ह्यांना माहीत आहे?” मी यजमानांबद्दल विचारलं.

“नाही. आणि तू सांगू नकोस. त्याला कळलं की पहिल्यांदा घोडी विकायला काढेल.”

मला त्या टांग्यात बसणारी माणसं आठवली. शाळेतल्या बाई, दवाखान्यात जाणारी म्हातारी. पण समोर बसलेल्या माणसाने हे मला विश्वासाने सांगितलं होतं, तेही नजर चुकवत, एखाद्या मुलाने कबूल करावं तसं.

“घोडी बरी होईपर्यंत मी गप्प बसते,” मी म्हणाले. “पण तोवर तुम्ही ठाण्याला डोळे दाखवायचे. आणि दाखवल्याशिवाय टांगा जुंपायचा नाही.”

“डॉक्टर चिरतात डोळा.”

“घोडीचा पाय नाही का चिरला? ती उभी राहिली ना?”

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, “बाय, पुरे आता, ये इकडे.” घोडीने कान टवकारले आणि मी उठून उभी राहिले. दोघींनाही वाटलं, आपल्यालाच बोलावलं. आबांच्या ते लक्षात आलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला आला. त्या दिवसापासून ते मलाही बाय म्हणू लागले.

घरी आल्यावर मला राहवेना. सासूबाईंना तरी सांगावं, असं ठरवून मी त्यांच्याजवळ बसले. मी कशी सुरुवात करावी या विचारात होते, तर त्याच म्हणाल्या, “डोळ्यांचं ना?”

“तुम्हाला माहीत आहे?”

“अगं, वर्ष झालं, त्यांच्या ताटात मीठ, लोणचं, भाजी एकाच जागी वाढतेय. तांब्या एकाच जागी ठेवते. तू पहिल्या दिवशी तांब्या डावीकडे ठेवलास तो मी उचलून उजवीकडे नाही का ठेवला? तुला वाटलं असेल, सासू खोड्या काढतेय.”

मला खरंच तसं वाटलं होतं. मी ते कबूल केलं. त्या म्हणाल्या, “मी त्यांना किती वेळा सांगितलं, दाखवा म्हणून. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील, तर बघ.”

आबांनी माझं ऐकलं, पण चार दिवसांनी. रविवार होता, यजमान घरी होते. जेवण झाल्यावर आबा सुपारी कातरायला बसले आणि मान वर न करता म्हणाले, “मला डोळे दाखवायचेत. कधी नेतोस?”

माझे यजमान आधी आबांकडे, मग आईकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. सगळं ऐकल्यावर ते उठून मागच्या दारी गेले. मी मागोमाग गेले. ते तबेल्याच्या खांबाला टेकून उभे होते.

“मी रोज घरी येतोय, त्यांच्या शेजारी जेवतोय,” ते म्हणाले. “मला कसं दिसलं नाही?”

घोडीने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नाक घालून पाहिलं, त्यात काही नव्हतं. ते तिच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी आबांना सांगितलं की मंगळवारी रजा टाकतो. घोडी विकायचा विषय त्यांनी काढलाच नाही. तो पुढेही कधी निघाला नाही.

ठाण्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, डावा पिकलेला. त्या काळी ऑपरेशन म्हणजे मोठं काम. आठवडाभर उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. सासूबाई त्यांच्याजवळ दवाखान्यात राहिल्या. निघताना आबांनी मला तबेल्यात बोलावून बजावलं, “तिला आता चालवायला हवी. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत. मग रोज थोडं पुढे. घाम येऊ द्यायचा नाही. आणि नालबंदाला सांग, त्या खुराला नाल ठोकताना खाली चामडं घाल.”

नालबंद आला, त्याने खूर पाहून जीभ टाळूला लावून आवाज काढला आणि म्हणाला, “अच्छा देखा तुमने.” चामड्याचा तुकडा कापून त्यावर नाल ठोकली. दुसऱ्या दिवसापासून मी तिला फिरवू लागले. डोक्यावर पदर, हातात दोरी, मागे घोडी. पहिल्या दिवशी ओट्यांवरच्या बायकांचं बोलणंच थांबलं. टांगेवाल्याची सून घोडी घेऊन निघाली, हे पाहायला दोन म्हातारे घरातून बाहेर आले. शेजारची कोळीण मात्र मोठ्याने म्हणाली, “चांगली चालतेय गो, लंगडत न्हाय.” मग बाकीच्याही विचारू लागल्या की पाय कसा आहे, आबा कसे आहेत. चौथ्या-पाचव्या दिवशी मी वरसाव्याच्या बाजूला अर्ध्या वाटेपर्यंत गेले. रस्त्याच्या कडेने खिळे, काचा पाहत चालायची मला सवय लागली होती. सापडलेलं सगळं मी पिशवीत गोळा करून आणायचे. त्या दहा-बारा दिवसांत सकाळची ती फेरी मला इतकी आवडू लागली की घोडी पूर्ण बरी झाली याचं मनात थोडं वाईटही वाटलं.

आबा परत आले ते डोळ्याला हिरवी पट्टी लावून. चष्मा मिळायला आणखी दीड महिना गेला. चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड. तो लावून ते पहिल्यांदा तबेल्यात गेले, घोडीचा पाय गुडघ्यावर घेतला आणि उजेडाकडे धरून तळवा बघत बसले. खिळ्याच्या जागी फक्त एक फिकट खळी राहिली होती. मग घरात आले आणि सासूबाईंना म्हणाले, “तुझे केस कधी पांढरे झाले?” सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही झोपला होतात तेव्हा.” पुढचे आठ दिवस आबांनी घरातली कोळिष्टकं, भिंतीचे पोपडे, टांग्याचा उडालेला रंग, सगळं एकेक करून शोधून काढलं आणि आम्हाला कामाला लावलं. टांगा त्यांनी स्वतः हिरवा रंगवला. रंग दोन ठिकाणी ओघळला होता, पण ते आम्ही त्यांना सांगितलं नाही.

टांगा त्यांनी पुन्हा जुंपला, पण आता सकाळची एकच फेरी, आणि लॉऱ्यांच्या रस्त्यावर शक्यतो नाही. सत्तरची काही वर्षं तो तसाच चालला. पुढे रिक्षा आल्या, आबा थकले, घोडीही म्हातारी झाली आणि तबेल्यात बसून खाऊ लागली.

रंग वाळल्यावरच्या पहिल्या रविवारी आबांनी आम्हा सगळ्यांना टांग्यात घातलं आणि चेण्याला नदीवर नेलं. यजमान आणि सासूबाई मागे बसले होते. मला आबांनी पुढे, आपल्या शेजारी बसवलं. सुनेने सासऱ्याच्या शेजारी पुढे बसावं की नाही, यावर सासूबाई काही बोलतील असं मला वाटलं, पण त्या भाकऱ्यांची टोपली सांभाळण्यात गुंतल्या होत्या. नदीला पाणी थोडं होतं, स्वच्छ. घोडीला सोडलं तशी ती आधी पाण्यात जाऊन उभी राहिली, मग काठच्या गवतात लोळली, चारही पाय हवेत. आम्ही सुक्या बोंबलाच्या चटणीशी भाकऱ्या खाल्ल्या. आबा चष्मा पुसून पुन्हा पुन्हा लावत होते आणि समोरच्या डोंगरावरची झाडं मोजल्यासारखं एकेक झाड दाखवत होते. हा साग, तो ऐन, ती पलीकडे पळस. यजमान म्हणाले, “आबा, तो पळस नाही, पांगारा आहे.” त्यावर दोघांची जी जुंपली ती ऊन उतरेपर्यंत चालली. शेवटी यजमान डोंगर चढून गेले आणि एक फूल घेऊन आले. पळसाचंच होतं.